दारूने गेलेल्या सॅम्युएल काकांसाठी

हो, सॅम्युएल काका दारूनेच गेले.

लपवायचं काय त्यात? लिव्हर संपलं होतं. काल त्यांना माती दिली.

आणि माती पडत असतानाच चर्चच्या मंडळीतले एक अंकल मागे कुजबुजले, "शेवटी पाप फेडावंच लागतं."

मी वळलोच होतो. रूथने शर्ट धरला.
"आज नको. प्लीज."

रूथ म्हणजे काकांची मुलगी. तिच्यासाठी काल गप्प बसलो. आज लिहितोय. टॅग कुणाला करत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

काका प्लांटमध्ये वेल्डर. प्यायचे, भयंकर प्यायचे. भरली ताटं फेकायचे. काकू एक दिवस बॅग उचलून नागपूरला माहेरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

मग सुटली दारू. कशी सोडली विचारलं की म्हणायचे, "मी कुठला सोडतोय! मला सोडवलं."

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या प्याल्यात वाईन नसते. मनुका भिजवून, उकळून, गाळून रस करतात.

पाळकसाहेबांनी ते काम दिलं कुणाला? काकांना!

केवढा राडा झाला तेव्हा. "दारुड्याच्या हातचं प्यायचं?" काहीजण प्याला ओठाला न लावताच पुढे सरकवायचे. काका बघायचे. पुढच्या वेळी परत मनुका निवडायला बसायचे.

कॉलेज सोडल्यावर माझ्याकडे वेळच वेळ. शनिवारी दुपारी बरखेड्याला, प्लांटच्या कॉलनीतल्या त्यांच्या क्वार्टरवर मदतीला जायचो.

"तू देवासाठी येतोस की रूथसाठी?"
"रूथसाठी."
"चल, खरं तरी बोललास. मनुका धू."
आतून रूथ, "पप्पा, भाव मत दो इसको!"

हॉस्पिटलमध्ये मी काकांवर ओरडलो. इतकी वर्षं थेंब नाही, रोज प्रार्थना, आणि तरी हे?

"देवाने माफ केलं रे. लिव्हरने नाही केलं. तुझ्या काकूनेही नाही. आणि तिने करायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"मग माफीचा उपयोग काय?"

पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी हसले.
"अबे, मी घाबरलेला दिसतोय का तुला?"

नव्हते दिसत. घाबरलो होतो मी.

तर अंकल, ऐका. पापाने काय होतं ते काकांना तुम्ही शिकवायची गरज नव्हती. बायको गेली, शरीर गेलं. 'माझी चूक नव्हती' असं काका एकदाही म्हणाले नाहीत.

पण आता आपलं काही खरं नाही, असंही म्हणाले नाहीत.

आणि क्रुसावर जो गेला, तो फक्त तुमच्यासारख्या सज्जनांसाठी गेला असं कुणी सांगितलं तुम्हाला?

काकांना माफी मिळाली होती. मी ड्रॉपआउट आहे, धर्मशास्त्र शिकलेलो नाही, तरी छातीठोक सांगतो. ज्याला शंका असेल त्याने कमेंट करू नये, समोर यावं.

काल सगळे गेल्यावर रूथ कबरीपाशीच उभी होती. म्हणाली, "पप्पा देवाकडे आहेत ना रे? खरं सांग."

"आहेत."

चर्चमधलं काहीही मी आजवर तिला खूश करायलाच बोलायचो. हे पहिल्यांदाच तसं नव्हतं.

सलाम, काका.
प्रभूमध्ये निवांत झोपा.
पुनरुत्थानाच्या सकाळी भेटू.