खाजेच्या ओपीडीतली झोप

यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात दर मंगळवारी लहान मुलांच्या एक्झिमाची ओपीडी असते. मी तिथली सिस्टर. किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही, केसपेपर काढता काढता आपोआप साठतात. पोरं खाजवतात म्हणून आया जागतात, त्यामुळे इथे सगळं जरा पेंगतच घडतं.

दिग्रसचा मेकॅनिक सलीम, त्याची बायको नाझनीन आणि तीन वर्षांची झोया पहिल्यांदा आले.

"सहा महिने झाले सिस्टर, मी सलग झोपली नाई," नाझनीन म्हणाली. बिचारीचा चेहरा बघवत नव्हता.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मलम दिलं. "बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढंच काढायचं."

सलीमने हात पुढे केला. "माह्यं ते पेरच गॅरेजमधी उडालं, मॅडम! आता मी कसं मोजू?"

नाझनीन डोळे मिटूनच म्हणाली, "माह्यं बोट घ्या!"

\*

मुकुटबनचे एक शेतकरी आजोबा नातवाला घेऊन आले होते. मॅडम म्हणाल्या, "याला फक्त मऊ सुती कपडे घाला."

आजोबांनी नातवाचा चकचकीत शर्ट चिमटीत धरला.

"घरात छतापर्यंत कापूस रचला हाये, अन् पोट्टं नायलॉन घालून फिरून राह्यलं!"

\*

झोयाची खाज हटेना. मॅडमनी मुंबईच्या मोठ्या केंद्राचं नाव काढलं. "तिथे मुलांना खाज का सुटते, यावर संशोधन चालतं."

"आमची झोया बी रातदिवस तेच करून राह्यली!" सलीम म्हणाला. पण गेले.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं तपासून मलम तेच ठेवलं. त्यावर ओला सुती कपडा, वरून कोरडा, एवढं वाढवलं.

"इतक्या लांब गेलो," नाझनीन म्हणाली, "अन् इलाज निघाला आमच्याच बादलीत!"

\*

महिन्याने नाझनीन एकटीच झोयाला घेऊन आली. बाकावर टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. नंबर आला तेव्हा मी उठवायला गेले, तर शेजारच्या बाईने माझा हात धरला.

"राहू द्या सिस्टर, कायले उठवता? आधी माहा नंबर घ्या."

मग तिच्या मागचीनेही तेच केलं. सगळे कुजबुजत बोलू लागले. बाकावर ऊन सरकत होतं, पंखा संथ फिरत होता. मला तर वाटलं, आम्ही सगळेच तिच्या झोपेत बसलोय.

शेवटी मॅडमच दबक्या पावलांनी बाहेर आल्या. झोया मांडीवर टक्क जागी होती. एरवी घटकाभरही खाजवायचा न थांबणारा तिचा हात नाझनीनच्या गालावर हळूहळू थोपटत होता. मॅडम वाकल्या, तसे तिने डोळे वटारले.

"श्श! अम्मी सो रही है!"