चहाच्या वेळी हरवलेलं पिस्तूल

नॉर्मन ऑकेंडनच्या घरी जेवण झालं की चमचे मोजले जात. चोरीच्या भीतीने नव्हे, खोडच तशी. जुन्या कादंबऱ्यांवरच्या टीव्ही मालिकांना तो त्या काळातली पिस्तुलं पुरवायचा, आणि नटाच्या हातातलं हत्यार परत पेटीत जाईपर्यंत त्याला घास गिळवत नसे. नायकाला कमरेला पिस्तूल लावून संडासालासुद्धा जाऊ देत नाही, असं लोक सांगायचे. खोटं नव्हतं ते.

त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या एका सरदारी हवेलीत द्वंद्वाच्या प्रसंगाचं चित्रीकरण चाललं होतं. बार निघणारी खरी पिस्तुलं दोनच, घोड्यात बसवलेल्या चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारी. बाकीची लांबून दाखवायला, रबराची. हिरवळीवर धूर झाला, खलनायक झोकात मेला, नॉर्मनने दोन्ही पिस्तुलं काढून घेतली, आणि चहाची घंटा वाजली.

आता त्या घंटेपुढे कुठल्या इंग्रजाचं काही चाललंय? कुणीतरी हातात कप दिला, कुणीतरी केक पुढे केला. हात मोकळा करायला नॉर्मनने एक पिस्तूल हवेलीच्या दालनातल्या मेजावर टेकवलं. रंगभूषेच्या बाई सांगत होत्या, नायिकेने नायकाशी बोलणं टाकलंय. असलं अर्धवट ऐकून कोण उठतं?

तो वळला तेव्हा मेज रिकामं होतं.

"नॉर्मन, उजेड चाललाय," दिग्दर्शिका इमोजेन ओरडली.

"एक पिस्तूल नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"नाहीये म्हणजे नाहीये!"

"आणि काल मला पर्स सांभाळायला तूच शिकवत होतास!"

कोट झटकले, टोपल्या उलट्या केल्या, मेलेल्या खलनायकाची विजारसुद्धा तपासली. आता पोलिसांना कळवणं भाग होतं. मग हत्यारांचा परवाना जाणार. आणि परवाना गेला की नॉर्मन म्हणजे नुसता चमचे मोजणारा म्हातारा.

फोन हातात घेऊन तो दालनात उभा राहिला. कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून त्याने मान वर केली. भिंतीवर घराण्याची जुनी पिस्तुलं पंख्यासारखी मांडलेली होती. सगळ्यांच्या घोड्यांतले दगड कधीच गळून गेलेले. एकाच्या घोड्यात मात्र दगड होता, लाल चामड्यात गुंडाळलेला. दगड घट्ट बसावा म्हणून लाल चामडं फक्त नॉर्मनच वापरायचा.

"टॅप्लीबाई!"

हवेलीची देखभाल करणाऱ्या टॅप्लीबाई फडकं घेऊन आल्या. "ओरडताय कशाला? बहिरी नाहीये मी."

"ते वरचं पिस्तूल—"

"मेजावर लोळत होतं, काजळी माखलेलं. पुसलं, पॉलिश केलं, जागेवर लावलं. हवेलीच्या मालकसाहेबांच्या आजोबांनी तिथलं पिस्तूल जुगारात घालवल्यापासून तो खिळा रिकामा होता. म्हटलं, कुणाला तरी परत द्यायची बुद्धी झाली."

नॉर्मन जिन्यावर मटकन बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"हसा! पण मी देणार नाही. पुन्हा खिळा बोडका?"

"बाई, माझी नोकरी लटकलीय हो त्या खिळ्याला!"

शेवटी तह झाला. खरं पिस्तूल लव्हेंडरच्या पॉलिशचा वास घेऊन पेटीत गेलं, आणि खिळ्यावर रबराचं चढलं. खालून काही कळत नाही. रविवारी हवेली बघायला येणाऱ्यांना टॅप्लीबाई अजून दटावतात, "लांबून बघा. ते एक फार नाजूक आहे."