भिंतीची मधली जागा

अर्जुनी मोरगावच्या स्टेशनकडे जाताना डाव्या हाताला एक लांब, रंगवलेली भिंत लागते. साग, मोह, बांबू, मग तलाव. ही सुलोचनाबाईंची भिंत.

बाईंचा नवरा उदाराम नाटकांचे पडदे रंगवायचा. दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. त्याआधी दोन महिने यांच्या अंगणात कापड ताणलेलं असायचं. कामाची वाटणी ठरलेली. कडेची झाडं, पाणी, आभाळ बाईंचं. मधला महाल, रथ, माणसं उदारामची. तीस वर्षं असंच चाललं.

मागच्या श्रावणात उदाराम गेला आणि बाईंची झोपही गेली. गोंदियाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती सुस्ती यायची. चूल पेटवायच्या आणि भात टाकायला विसरायच्या. नागपूरला कंपनीत असलेला मुलगा कैलाश दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं सरळ सांगितलं, "माय, घराले कुलूप लाव. माझ्यासंगं चाल."

"तिथं काय करू?"

"टीव्ही पाह्य. इथं एखाद्या दिवशी घर जाळशील तू."

"होळीपर्यंत राहू दे. नाही जमलं तर येईन."

कैलाश गेल्यावर बाईंनी उदारामचा रंगाचा डबा उघडला. कापड नव्हतं, भिंत होती. रंग धरावा म्हणून नेहमीसारखा सरस उकळला, त्यात रंगाची पूड कालवली आणि सागापासून सुरुवात केली. हात चालू असला की डोकं गप्प बसतं, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं.

पौषातल्या धुक्यानं चार दिवसांत साग खाली ओघळला. उरलासुरला शेजारच्या निर्मलाबाईंच्या बकऱ्यांनी चाटला. निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अवो, पडद्याचा रंग भिंतीले कायले लावला? पडदा मांडवात राह्यते, त्याले दव कुठं लागते?"

"तीस वर्षं हेच कालवलं. हात तिकडंच गेला."

"अन् माझ्या बकऱ्यांचं तोंड हिरवं झालं, त्याचं काय?"

सुलोचनाबाई हसल्या. श्रावणानंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी दुकानातून बाहेरच्या भिंतीचा रंग आणला आणि पुन्हा सागापासून धरलं.

माघ संपेपर्यंत दोन्ही बाजू भरल्या. मधली सहा हात भिंत कोरीच. स्टेशनवर सवारी सोडून परतणारा मुन्नालाल रोज रिक्षा थांबवायचा.

"काकी, बीच में क्या आएगा? महल?"

"मधलं माझं काम नाही."

"तो फिर किसका है?"

यावर बाई ब्रश धुवायला जायच्या. कोळशानं दोन-तीनदा उदारामचा चेहरा काढूनही पाहिला. दर वेळी बकरीसारखा दिसला. पुसून टाकला. त्या दिवशी भातही टाकायच्या नाहीत.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी कैलाश आला, खिशात संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं घेऊन. फाटकातच निर्मलाबाईंनी त्याला अडवलं.

"हळू ये. झोपून राहिली तुझी माय."

"दिवसा?"

"काल भिंत संपवली तिनं. रातभर झोपली, सकाळी रांधलं, खाल्लं, अन् पुन्हा झोपली. उठवून तर पाह्य!"

कैलाशनं भिंतीकडे पाहिलं. मध्ये महाल नव्हता, माणूसही नव्हता. अलीकडचं आभाळ पलीकडच्या आभाळाला जाऊन मिळालं होतं आणि तलाव इकडून तिकडे सलग पसरला होता.

"मले वाटलं, मधात बाबा काढशील," तो पुटपुटला.

अंगणातल्या खाटेवरून, डोळे न उघडताच, बाई म्हणाल्या, "माणसं मले येत नाही. आभाळ येते. तेच ओढत नेलं."

"माय, तिकिटं आणली आहेत. दोन."

"एक परत कर. अन् जेवून घे, भात झाकला आहे."

कैलाश आत गेला. आधी चुलीपाशी वाकून पाहिलं. चूल नीट विझवलेली होती. मग त्यानं भातावरचं झाकण काढलं.