कापसाच्या मुलखात विकलेला डबा

"गाडी काढा रे, गाडी काढा! खालून धूर निघून राह्यला!"

जिनिंगचा चौकीदार ओरडत होता आणि माझ्या हातात चहाची बशी होती. ती बशी मी पुढं कुठं ठेवली, ते आजही सांगता येणार नाही. राळेगावच्या त्या जिनिंगच्या अंगणात घोट्यापर्यंत कापूस पसरलेला होता आणि त्या कापसात मालकाच्या पुतण्याची दोन दारांची पिवळी स्पोर्ट्स गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. पुतण्या मित्रांना गाडीचा आवाज ऐकवत होता. आवाज असा, की तीन शेतं पलीकडच्या म्हशींनी त्या दिवशी दूध दिलं नाही. निदान मी तसं पुढं वर्षभर सांगत फिरलो.

सहा जणांनी गाडी ढकलली. ती होती त्या जागी कापसात ताटाएवढं काळं वर्तुळ पडलं होतं आणि त्याच्या कडेनं एक लाल रेघ हळूहळू बाहेर सरकत होती. ज्वाळा नाही, आवाज नाही. नुसती रेघ. चौकीदारानं तिच्यावर वाळूच्या बादल्या ओतल्या, तेव्हा ती थांबली.

"काय झालं मिस्त्री?" मालकानं विचारलं.

मी राळेगावात सायलेन्सरचं काम करायचो. गाडीखालची ती नळी मीच बसवली होती, म्हणून प्रश्न मलाच होता. मी गाडीखाली वाकून पाहिलं, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "डब्याचाच दोष हाय शेटजी. बाहेरदेशचा माल. आपल्या उन्हाची सवय नाई त्याले."

खरं वेगळं होतं. धुराच्या नळीत एक डबा असतो, कॅटकॉन म्हणतात त्याला. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती धुरातलं विष खाते आणि खाता खाता तव्यासारखी तापते. पुतण्याचा डबा हाय-फ्लो होता, म्हणजे जाळीची भोकं मोठी, धूर मोकळा, गाडी मस्तवाल. असल्या डब्याच्या खाली एक पत्रा असतो. डब्याची धग खालच्या वस्तूला लागू नये, एवढंच त्याचं काम. हा पत्रा खडखड वाजायचा. पुतण्याला त्याच्या संगीतात ती खडखड खपत नव्हती. तो म्हणाला, काही तरी कर. मी चार बोल्ट काढले आणि पत्राच काढून टाकला. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त खडखड थांबल्याचं ठाऊक होतं.

"काढ थो डबा," मालक म्हणाला. "माह्या अंगणात पुन्हा दिसला नाई पायजे."

पुतण्या हिरमुसून म्हणाला, "विकून टाक मिस्त्री. येईल ते येईल. अर्धं तुझं."

असा तो डबा माझ्या दुकानात आला.

ती वर्षं अशी होती, की जिल्ह्यात कोणाला काही विकायचं म्हटलं तरी समोरचा आधी कापसाचा पडलेला भाव सांगायचा आणि मग हात जोडायचा. माणसं कापूस घरात भरून बसली होती. दिवाळीला भाव चढेल म्हणत होती, मग संक्रांतीला चढेल म्हणू लागली. त्या दिवसांत स्पोर्ट्स गाडीचा जुना डबा विकायला बसणं म्हणजे भर उन्हाळ्यात रजई विकायला बसणं. पण मला माझ्या जिभेवर भरवसा होता.

दुकानाच्या दारात खिळ्याला मी तो डबा टांगला आणि गोष्टी सुरू केल्या. एकाला सांगितलं, हा डबा ज्या गाडीला होता ती हैदराबादेतून निघाली तेव्हा ड्रायव्हरनं तोंडात घास घातला होता, आणि वडकीला पोचली तेव्हा तो अजून चावत होता. दुसऱ्याला सांगितलं, ह्याच्यातून गेलेला धूर पाळण्याखाली सोडला तर पोराला झोप चांगली लागते. लोक हसायचे, डब्याला टिचकी मारायचे आणि निघून जायचे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. हंगामात राळेगावच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, ते सगळीकडं बसतात. पण माझ्या दुकानात ते त्या डब्याला शोधून बसायचे. सकाळी फडक्यानं पुसावा, दुपारी पुन्हा त्याच्या जाळीच्या तोंडाशी पांढरा पुंजका. पुंजका उपटताना दर वेळी मला ती लाल रेघ आठवायची.

एकदा पांढरकवड्याचा भंगारवाला आला. त्यानं डबा उलटा केला, चार रिकाम्या भोकांवर बोट फिरवलं.

"मिस्त्री, ह्याच्याखालचा पत्रा कुठी गेला?"

"ह्याले पत्रा येतच नाई. उघड्या जातीचा हाय हा."

"मले शिकवता काय?" तो म्हणाला. "भोकं कायले पाडले मंग कंपनीनं? हवा खायले?"

"भाऊ, तुले फोडून विकायचा हाय ना? पत्र्याचं काय करतं?"

तो हसला, तहान लागली म्हणाला आणि माझ्या माठातलं पाणी पिऊन गेला. माठावर झाकण म्हणून मी तोच पत्रा ठेवला होता. त्यानं तो उचलला, बाजूला ठेवला, पाणी प्यायला आणि परत माठावर ठेवला. त्याला जर मी डबा फोडायला देऊन टाकला असता, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यानं सांगितलेला भाव मला माझ्या गोष्टींपुढं फार कमी वाटला.

मग गुरुजी आले.

मारेगावचे निवृत्त शिक्षक, बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा डबा आतून चोंदला होता. धूर तपासणीत गाडी नापास झाली होती आणि चढावावर दमा लागल्यासारखी थांबत होती. नवा डबा त्यांना परवडत नव्हता. कोणी तरी सांगितलं, राळेगावात एक आहे.

गुरुजींनी चष्मा पुसला, डबा दोन्ही हातांत घेतला आणि वही तपासावी तसा तपासला. एकेक प्रश्न विचारत गेले. किती वर्षांचा? कोणत्या गाडीचा? का काढला?

"गाडीच विकली गुरुजी. मालकाचे दिवस फिरले."

"आणि मिस्त्री, हे तापते किती?"

हा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी विचारला. चष्म्यावरून माझ्याकडं पाहत विचारला. मी डबा त्यांच्यापुढं धरला.

"तुम्हीच हात ठेवून पाहा ना."

त्यांनी उजव्या हाताचा तळवा त्याच्यावर ठेवला. महिनाभर खिळ्याला लटकलेलं लोखंड ते, गारच असणार. "गार आहे," गुरुजी म्हणाले.

"मंग?" मी म्हणालो. "मी काय वेगळं सांगू?"

तापण्याबद्दल मी खोटं बोललो नाही, ह्याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. दोन तासांत डबा जोडून दिला. गाडी सुरू केली तर आवाज असा मोकळा आला, की गुरुजी चक्क लाजले. पैसे दिले, धन्यवाद म्हणाले, दार उघडून बसायला लागले. तेव्हा मला गाडीच्या आत दिसलं. पायाशी, सीटच्या फटीत, ब्रेकच्या दांड्याला, जिकडंतिकडं कापूस.

"गाडीत कापूस वाहता काय गुरुजी?"

"नाही हो. गाडीच कापसात राहते." ते हसले. "तीनही वेचण्यांचा माल घरात आहे. गाडीची खोली भरली, मग गाडी त्यातच घुसवतो. आमच्या खोलीतही अर्ध्यापर्यंत आहे. मी आणि ही त्याच्यावरच सतरंजी टाकून झोपतो. अशी गादी कोणाकडे नसेल मिस्त्री."

आणि गेले.

मी दारात उभा राहिलो. राळेगाव ते मारेगाव पन्नासेक किलोमीटर. गुरुजी तीसच्या वर गाडी नेत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे डबा सावकाश, एकसारखा, दोन तास तापत जाणार. आणि घरी पोचल्यावर थेट कापसात.

मी माठावरचा पत्रा उचलला, पोत्यात गुंडाळला आणि एसटी स्टँडवर धावलो.

बस उशिरा आली. कंडक्टरनं पोत्याकडं पाहिलं. "थे काय हाय?"

"पत्रा."

"एवढासा पत्रा घेऊन मारेगावले चालले? घर बांधता काय त्याच्यात?"

एरवी मी त्याला असं उत्तर दिलं असतं, की त्यानं स्टिअरिंगवर बसलेल्याला जाऊन सांगितलं असतं. त्या दिवशी मी नुसतं तिकीट घेतलं. करंजीला बस बदलायची होती, तिथं अर्धा तास गेला. पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून जाळत होते. फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडं शेताशेतातून धूर उठतो, जन्मभर पाहिलेला. पण त्या दिवशी प्रत्येक धूर मला मारेगावच्या दिशेला दिसत होता. एक धूर इतका जाड होता, की मी उभा राहून खिडकीबाहेर डोकं काढलं. बाजूची बाई म्हणाली, "बसा ना भाऊ. पऱ्हाटीच जळून राह्यली." मी बसलो. पत्र्याची कड गुडघ्याला रुतत होती, ती मी तशीच रुतू दिली.

मारेगावला गुरुजींचं घर सापडायला वेळ लागला नाही. फाटकाशीच एक तेलाचा रिकामा डबा टांगला होता आणि त्यात बिड्या, काडेपेट्या, एक लायटर पडलेलं. गुरुजींच्या पत्नी पुढं आल्या.

"थांबा. बिडी-काडी हाये का खिशात? इथं टाका. कापूस हाय ना घरात. दिवाळीपासून आम्ही चूल मागच्या आवारात नेली. बुद्धवंदनेची मेणबत्तीसुद्धा बाहेर, भिंतीवर लावतो."

भिंतीवर मेणाचे ओघळ सुकले होते. मी खिशातली काडेपेटी काढून डब्यात टाकली.

"काकू, गाडी कुठी हाय?"

"आत लावली. आत्ताच. हे हात धुऊन राह्यले."

मी विचारायला थांबलो नाही. बाजूच्या खोलीचं दार लोटलं. कापूस आढ्यापर्यंत होता आणि त्यात गुरुजींची गाडी, म्हैस डबक्यात बसावी तशी, अर्ध्या चाकांपर्यंत रुतून बसलेली. खोलीत इस्त्रीच्या कपड्यासारखा वास होता. वास चांगला होता. पण तापलेल्या कापसाचा होता.

मी आडवा झालो, बाजूचा कापूस सारला आणि खाली पाहिलं. डब्याच्या बरोबर खाली ताटाएवढं तपकिरी वर्तुळ. मधोमध काळं. कडेला, अजून अगदी बारीक, ती रेघ.

"गुरुजी," मी हाक मारली, "ब्रेक सोडा. ढकला."

गुरुजी ओल्या हातानं आले, काही न विचारता दार उघडून ब्रेक सोडला. काकू पुढून, आम्ही बाजूनं. गाडी अंगणात आली. मी आत जाऊन घमेल्यानं तो जळका भाग उचलला, बाहेर फेकला, त्याच्यावर पाणी ओतलं. सुटलो, असं मला वाटलं. काकूंना तसं वाटलं नाही.

"कापसाची आग आत जाते," त्या म्हणाल्या. "दोन दोन दिवस दिसत नाई. मंग रात्री उठते."

हे मलाही माहीत होतं. मी जिनिंगच्या सावलीत वाढलो होतो. मग आम्ही तिघं, आणि हाकेसरशी आलेले चार शेजारी, कापूस कवळ्यांनी बाहेर आणू लागलो. प्रत्येक कवळा हातानं चाचपायचा, गालाला लावायचा, गार असेल तर अंगणात सोडायचा. एक शेजारी म्हणाला, "गुरुजी, ह्या भावात तसाच जाळला असता तरी चाललं असतं." काकूंनी पुढचा कवळा गालाला लावला. वर्षभराचं सगळं त्या अंगणात उघड्यावर पडत होतं आणि वारा ते कुंपणापलीकडं उडवत होता. खोलीच्या भिंतीशी एका जागी माझ्या हाताला ऊब लागली. मी हात तसाच ठेवला. ती उन्हाची ऊब होती, की दुसरी, कळेना. तो सगळा कोपरा उपसला. खाली काही नव्हतं. की आम्हाला सापडलं नव्हतं, हेही आज मी छातीठोक सांगू शकत नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो. काकूंनी अंगणाभोवती पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्या रात्री ते दोघं निजणार नव्हते. मी पोतं सोडलं, पत्रा बाहेर काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला. तिथून पुढं मी एवढं खरं बोललो, जेवढं त्या महिन्यात सगळं मिळून बोललो नव्हतो. खडखड, चार बोल्ट, जिनिंगमधलं काळं वर्तुळ, भंगारवाला, माठाचं झाकण. सगळं सांगितलं. मध्ये एकदा सवयीनं म्हशींच्या दुधाची गोष्ट तोंडात आली, ती गिळली.

गुरुजी ऐकत होते. उजव्या हाताला कापसाचे तंतू चिकटले होते, ते एकेक काढत होते. मी थांबलो तेव्हाही काढत राहिले. शेवटचा तंतू निघाल्यावर त्यांनी तळवा पाहिला आणि म्हणाले,

"मी विचारलं होतं तुम्हाला, हे तापते किती म्हणून."