गावात पाणी मिळतं

मला याद्या करायची खोड आहे. त्या दुष्काळी वर्षांत मी एक यादी केली होती. शहरातून एसटीनं जाऊन अंधाराच्या आत परत येता येईल अशा सोप्या टेकड्यांची. कुठल्या फाट्यावर उतरायचं, किती चालायचं, परतीची गाडी कधी, सगळं त्यात होतं. कधी डोंगर न चढलेल्या बायकांसाठी म्हणून ती ऑफिसच्या ग्रुपवर टाकली आणि तिला पाय फुटले. अनोळखी लोक मलाच ती पाठवायचे, "कामाची आहे, बघा" म्हणून. मी फुगून जायची.

मार्चमधल्या एका रविवारी नणंदेला त्यातल्याच एका टेकडीवर न्यायचं ठरवलं. ती पन्नाशीची, घराजवळचा क्रांती चौक ओलांडला तरी चाललो असं मानणारी. निघताना तिनं पिशवीत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या टाकल्या. त्यातली एक मीच काढून ओट्यावर ठेवली.

"ताई, उगाच ओझं कशाला? गावात मिळतं पाणी."

यादीतही मी तसंच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिथला हापसा मी स्वतः वापरला होता. आमच्या नव्या सोसायटीत त्या मार्चमध्ये टँकर आल्याशिवाय अंघोळी होत नव्हत्या, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. शहाणपणा करायची हौस असली की असं होतं.

चढ खरंच सोपा होता. उतरताना मात्र ऊन तापलं, माझीही बाटली संपली आणि नणंदेची बडबड थांबली. ती गप्प बसणारी बाई नव्हे, म्हणून मी वळून पाहिलं. चेहरा लाल, घाम एकदम बंद. गावाच्या कडेला कसंबसं पोचलो आणि ती एका घराच्या ओट्यावर बसलीच. मी हापशाकडं पळाले. वीसेक वेळा दांडा मारला. नुसता खडखडाट. परतीच्या गाडीला तास होता. हिला काही झालं तर नवऱ्याला काय सांगू, हेच डोक्यात घुमत होतं.

परत आले तर घरातली बाई दारात उभी होती. माझ्याच वयाची असेल. अंगणात तीन निळे ड्रम, तिन्हींना साखळी आणि कुलूप.

"थोडं पाणी..." मी म्हणाले.

"टँकर आला नाय दोन दिस झाले," ती म्हणाली. "दर रविवारी कोन ना कोन येतंय शहरातून. कुनी मोबाईलात लिवलंय म्हनं, इथं पानी मिळतं म्हून."

तिनं नणंदेकडं पाहिलं, गळ्यातली किल्ली काढली आणि एक ड्रम उघडला. वाकून तळातून तांब्या भरताना तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला. नणंद घोट घोट प्यायली. मी उरलेलं तिच्या डोक्यावर ओतायला गेले तशी बाई ओरडली, "वतू नका! रुमाल भिजवा, रुमाल!"

पंधरा-वीस मिनिटांनी नणंदेला घाम फुटला. "मला घरी ने," एवढं ती बोलली आणि मला रडूच आलं. बाई कुलूप लावत होती. मला राहवलं नाही.

"ते मोबाईलातलं मीच लिहिलंय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मंग आता लिवा, इथं पानी नाय," ती म्हणाली. "आन् हेबी लिवा, की दारात येऊन कुनी मागितलं तर आमाला नाय म्हनता येत नाय."

गाडीत नणंद खांद्यावर मान टाकून झोपली. मी यादीतली ती ओळ खोडली आणि ग्रुपवर लिहिलं, "या गावात पाणी नाही. कृपा करून कुणाकडं मागू नका." दुसरं वाक्य तिच्यासारखं मला लिहिता आलं नाही.

शहर यायच्या आत एक उत्तर आलं होतं. "नाही कसं? आम्हाला मागच्या रविवारी मिळालं की. निळे ड्रम आहेत त्या घरी विचारा, बाई फार चांगली आहे."