सरांचं इंजेक्शन आमच्या यादीत

"सर, आपल्या यादीत इन्सुलिन आलंय," मी म्हणालो.

सर तेव्हा शर्ट वर करून पोटात इन्सुलिनचं पेन टोचत होते. परळच्या आमच्या छोट्या कंपनीत यालाच लंच ब्रेक झाला असं म्हणतात.

"मग? असू दे की."

"सर, यादी मेम्ब्रेन प्रोटीनची आहे."

जरा समजावतो. पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं, ते मेम्ब्रेन. त्यात रुतून बसलेली प्रथिनं औषधकंपन्यांना हवी असतात, कारण औषधाला ती बाहेरून पकडता येतात. मानवी जीनोममधून ती शोधायची, तर प्रथिनाच्या अक्षरमाळेत पाण्यापासून पळणारा तेलकट तुकडा बघायचा. पण काही प्रथिनांच्या अगदी सुरुवातीला असा तुकडा असतो तो नुसता पेशीबाहेर पडायचा गेटपास. तो वाटेत कापला जातो आणि प्रथिन रक्तात मोकळं फिरतं. इन्सुलिन त्यातलंच. माझ्या प्रोग्रामने गेटपासवाल्यांनाही रहिवासी ठरवलं होतं. चूक माझीच.

"तेवढं एक नाव उडव," सर म्हणाले.

"अशी खंडीभर असतील, सर."

"बाकीच्यांना ओळखतंय कोण? उद्या लोअर परळला प्रेझेंटेशन आहे. यादी भरलेली दिसू दे. आणि तुझं नवं कॉन्ट्रॅक्ट सहीसाठी माझ्या टेबलावर पडलंय, विसरू नकोस."

विसरतोय कसला! महिनाअखेरीला जुनं संपत होतं. इकडे भोईवाड्यात आईने माझ्या गळ्यातलं आयकार्ड बघून चाळभर सांगून टाकलं होतं, "माझो झील परमनंट झालो!" मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी गेटपास ओळखणारा दुसरा प्रोग्राम लावला. यादी पार रोडावली. सकाळी टॅक्सीत ती सरांच्या हातात दिली. लोअर परळ येईपर्यंत ते पान उलटसुलट करून बाकीची नावं शोधत होते.

"एवढीशीच?" क्लायंटच्या मॅडमनी विचारलं.

"आमची खास चाळणी आहे, मॅडम. गाळ आम्ही ठेवतच नाही," सर बेधडक म्हणाले.

"बरं केलंत. आधीच्या वेंडरच्या यादीत चक्क इन्सुलिन होतं. त्यांना परत बोलावलं नाही."

सर माझ्याकडे बघेनात.

दुपारी कॉन्ट्रॅक्टवर सही झाली. वर्षाच्या जागी सहा महिने लिहिले होते.

"सर, हे काय?"

"चाळणी," असं म्हणून त्यांनी इन्सुलिनच्या पेनचं टोपण काढलं.

तात्पर्य, सुरुवातीचा तुकडा बघून कोणालाही कायमचं धरू नये. माझ्या प्रोग्रामने केली तीच चूक आईनेही केली होती. प्रोग्राम मी दुरुस्त केला. आईला अजून सांगितलेलं नाही.