काहीच न येणारा पॅनमन

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेडमध्ये एका थोर नाटककाराचा पहिला प्रयोग शेवटचा ठरला, त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. नाटककार हयात आहे. चहाला बोलावलंत तर दोन बशा भजीही खातो. पण ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

तो मी.

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार. आमचा कारखाना खाजगी कंपनीचा. मुंबईच्या डायरेक्टरांनी ठरवलं, की पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची सहा कुटुंबं चांद्याकडच्या छावणीतून इथं आणायची, पुरुषांना चार महिने मराठी आणि कारखान्यातली कामं शिकवायची आणि मग नोकरीला लावायचं. हेतू चांगलाच होता. मराठीसाठी कारखान्याच्या शाळेतला मास्तर नेमला: वय चोवीस, गॅदरिंगच्या नाटकांचा दिग्दर्शक, केस मागं वळवलेले. बायकांसाठी वर्ग नव्हता. तो असावा हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्या आपल्या पाटावर धुणी धुवायच्या आणि गावच्या बायकांबरोबर उसात खुरपायला जायच्या.

वर्गात चाळिशीचा एक बारीक, शांत माणूस होता. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारलं, काय काम येतं? त्यानं अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की तिकडच्या साखर कारखान्यात तो दहा वर्षं पॅनमन होता. रस आटवताना साखरेचा दाणा कधी धरला, किती वाढला, हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, बोटांत चोळून ओळखतो तो पॅनमन. त्याचा अंदाज चुकला की अख्खी पॅन बिघडते. आमच्याकडे एका पाळीला पॅनमनची जागा रिकामी होती.

"मास्टरमोशाय," तो म्हणाला, "साहब को बोलिएगा. एक बार पॅन पे खडा कर दें, बस."

"बोलतो की!" मी म्हणालो. आणि नाटक लिहायला बसलो.

कारण समारोपाला डायरेक्टर स्वतः येणार होते, कुणाला कुठलं काम ते तिथंच जाहीर करणार होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं होतं. पाणी आणायचं तर पहिल्या अंकात नायक अडाणी हवा. सगळ्यांत स्वच्छ उच्चार याचे, म्हणून नायक हा. त्याच्यासाठी मी भाषण लिहिलं: "मी इथे आलो तेव्हा मला काही येत नव्हते. कंपनीने मला हात दिले."

पहिल्याच वाक्याला तो अडला. "लेकिन मास्टरमोशाय, काम तो आता था."

"अहो, भाषणात असंच म्हणायचं असतं! मागाहून सांगतो ना मी साहेबांना."

त्यानं वही पुढं ओढली. मग वाक्य पाठ केलं.

समारोपाच्या दिवशी गाळप नुकतंच सुरू झालं होतं, शेडमध्ये मळीचा वास भरलेला. तो उभा राहिला आणि एकही अक्षर न चुकता म्हणाला, की मला काही येत नव्हते. डायरेक्टरांनी चष्मा पुसला. "या माणसाला आपण शून्यापासून घडवलंय," ते म्हणाले, "तेव्हा घाई नको. आधी गोदामात पोती शिवू दे. दोन-चार वर्षांनी बघू."

टाळ्या. मला पुढं बोलावून हार घातला. सांगायची वेळ हीच होती. साहेब हातभर अंतरावर, शेजारी चीफ केमिस्ट, आणि तो माझ्याकडेच बघत होता. मी हात जोडून तीनदा वाकलो. उजवीकडे, डावीकडे, आणि मग मधोमध.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. चीफ केमिस्टनं त्याच दुपारी त्याला पॅनवर उभं केलं. त्यानं थेंब काचेवर घेतला, उजेडाकडे धरला आणि वाफ कमी करायची खूण केली. आठवड्यात ती पाळी त्याची झाली. मला कुणी रागावलं नाही, हेच वाईट. रस्त्यात भेटला की तो पूर्वीसारखाच "मास्टरमोशाय" म्हणून हात जोडायचा, म्हणून मी सायकल दुसऱ्या वाटेनं न्यायला लागलो. अजूनही कुणी माझ्यासमोर टाळ्या वाजवल्या की कानशिलं तापतात.

त्याला पॅन मिळाली, पण ती माझ्यामुळे नव्हे. मी हारासकट तिसऱ्यांदा वाकलेला असताना मागं बायकांच्या सतरंजीवरून त्याची बायको उठली. माझ्या वर्गाची पायरी कधी न चढलेली ती बाई, उसात खुरपता खुरपता शिकलेल्या खणखणीत मराठीत ओरडली:

"आवं सायेब, खोटं हाय ह्ये समदं! ह्यांला धा वर्सांपास्नं पॅनचं काम येतं, अन् ह्या मास्तरानंच त्यांला कायबी येत न्हाई म्हनायला शिकिवलं!"